अस्थींची कुपी

३ फेब्रुवारी

आदरणीय बाबा,

सप्रेम वंदन.

इतक्या वर्षांनी पत्र, आणि तेही कामाचं, म्हणून आधीच क्षमा मागते. चीवर घेऊन भिक्खुणी झाल्यावर मी घरी दोन पत्रं पाठवली होती. त्यांना उत्तर आलं नाही, तेच उत्तर असं मी समजले. विहारात फोन एकच आहे, कार्यालयात, आणि त्यावर सगळ्यांसमोर बोलावं लागतं. म्हणून पुन्हा पत्रच.

आमच्या विहारामागे एक जुना स्तूप आहे. विटांचा, वरून चुन्याचा गिलावा, वाडगं पालथं घालावं तसा, दुमजली घराएवढा उंच. गेल्या वर्षी त्याच्या घुमटाला तडा गेला आणि पाणी आत मुरलं. तडा बुजवायला गवंड्यांनी वरच्या विटा काढल्या, तेव्हा मधोमध एक दगडी कोठी लागली. कोठीत दगडी करंडा, करंड्यात स्फटिकाची कुपी आणि कुपीत अस्थी. फार जुन्या काळी कुणा थोर माणसाच्या चितेतून वेचलेल्या. स्तूप बांधतात तो त्यांच्यासाठीच. विटांचा एवढा डोंगर म्हणजे त्या चिमूटभर हाडांवर धरलेली छत्री.

पाण्याने वरची फरशी खचली, करंडा फुटला आणि कुपीचे तुकडे तुकडे झाले. अस्थी मात्र आहेत. दुरुस्ती झाली की त्या परत आत ठेवायच्या. थोरल्या आर्याजी, म्हणजे आमच्या विहाराच्या प्रमुख, म्हणाल्या की नवी कुपीही स्फटिकाचीच हवी. मी म्हटलं, माझे वडील जन्मभर भिंगं घासत आलेत. चष्म्यांची, दुर्बिणींची, मोजणीच्या यंत्रांची. दुसरं माणूस मला ठाऊक नाही.

तुकडे जुळवून जुन्या कुपीचं चित्र काढलंय, ते सोबत आहे. मुठीत मावेल एवढी, झाकण वेगळं.

आईला हे दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची मुलगी


१२ फेब्रुवारी

चिंगी,

मायना काय लिहावा इथेच घोडं अडलं. भिक्खुणीला आशीर्वाद द्यायचा की तिच्याकडे मागायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा चिंगी. राग आला तर पत्र परत पाठव.

तुझी आधीची दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर लिहायला बसलो की तुझी आई आतून विचारायची, "काय लिहिताय?" मी म्हणायचो, "काही नाही." आणि मग खरोखरच काही लिहून व्हायचं नाही.

आता कामाचं. भिंग बाहेरून घासायचं असतं. दगड आतून पोकळ करायचा म्हणजे निराळीच कथा. स्फटिक ही काच नव्हे. काचेहून कठीण आणि स्वभावाने आडमुठा. तांब्याची नळी उभी फिरवत ठेवायची, तिच्या टोकाखाली खरखरीत भुकटी आणि पाणी सोडत राहायचं, आणि संध्याकाळी बघावं तर नखाएवढं खाली गेलेलं. घाई केली की दगड सूड घेतो. पण करतो.

एक विचारून सांग. ही कुपी एकदा आत ठेवली, वर विटा चढल्या, की पुन्हा कुणी उघडणार आहे का? नसेल, तर आतून झिलई करायची कुणासाठी? बाहेरून चकचकीत आणि आतून धुरकट ठेवली तर अर्ध्या वेळात होईल. अशी सूट मी गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही, तुला विचारतोय. आणि पैशाचं नाव काढायचं नाही.

तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात. तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर महिनाभर ताटं आपटतील. ती काय म्हणते ते तुला माहीत आहे : एक गेला, आणि एक उठून गेली.

बाबा


२२ फेब्रुवारी

बाबा,

राग नाही आला. 'चिंगी' वाचलं आणि बराच वेळ पुढची ओळ वाचवेना.

तुमचा प्रश्न थोरल्या आर्याजींना विचारला. त्या नव्वदीला टेकल्यात, कमी ऐकू येतं. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगतील. त्या म्हणाल्या, "ज्याचं काम त्याने ठरवावं. मला कुठे घासता येतं?" आणि परत भाजी निवडायला लागल्या.

अस्थी तळहाताच्या खळग्यात मावतील एवढ्याच आहेत. नखासारखे तुकडे, थोडी राख, भुगा झालेले मोती आणि सोन्याच्या पत्र्याचं एक फूल. कुणाच्या, ते ठाऊक नाही. करंड्यावर अक्षरं होती, ती पाण्याने गेली. कुणी म्हणतं प्रत्यक्ष भगवंतांच्या, कुणी म्हणतं त्यांच्या एखाद्या शिष्याच्या. थोरल्या आर्याजी म्हणतात, ठाऊक नाही तर ठाऊक नाही म्हणावं, त्यात लाज कसली.

सध्या त्या कार्यालयातल्या औषधांच्या कपाटात आहेत, स्टीलच्या डब्यात, कापसावर. येणारे लोक रिकाम्या स्तूपाला प्रदक्षिणा घालतात. ज्यांना आतली खबर आहे ते कपाटालाही हात जोडतात. कुणी हात जोडून उभं असताना मागून खोकल्याचं औषध काढायचं म्हणजे आमची तारांबळ उडते.

अस्थी डब्यात ठेवायचं काम माझ्याकडे होतं. चिमटा दिला होता, पण एक तुकडा निसटला आणि बोटांनी उचलावा लागला. इतका हलका होता, बाबा. मला एकदम दादा आठवला. तुम्ही दोघं त्या सकाळी त्याच्या अस्थी आणायला गेलात, मला नेलं नाहीत. त्याचंही हाड असंच हलकं लागलं का, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

चिंगी


१९ मार्च

चिंगी,

पहिला दगड गेला. आत शीर होती, ती आधीच दिसायला हवी होती. नळी अर्ध्यावर गेली आणि आवाज बदलला. मी थांबवेपर्यंत दोन फाकी. दुसरा दगड आणलाय. खोलीत उजेड कमी पडतो. वेळ लागेल, गवंड्यांना थांबायला सांग.

बाकी ठीक.

बाबा


२८ मार्च

बाबा,

तुमचं पत्र हातात घेतलं आणि लगेच संपलं. दादाचं लिहायला नको होतं, हे मला कळलं. पुन्हा लिहिणार नाही.

काम जड जात असेल तर तसं सांगा. आमचे एक दाते आहेत, ते कारखान्यातून काचेची तयार बरणी आणून देतो म्हणतात. थोरल्या आर्याजींनी अजून ठरवलेलं नाही, पण हो म्हणाल्या तर मी अडवणार नाही. तुम्हाला शब्दात अडकवून ठेवावं असं मला वाटत नाही.

तब्येतीला जपा.

चिंगी


६ एप्रिल

चिंगी,

बरणी! बिस्किटं भरायची आहेत का? त्या दात्याला म्हणावं, बरणी स्वतःच्या घरी ठेव.

दादाचं लिहिलंस ते बरंच केलंस. माझं पत्र आखूड झालं त्याचं कारण वेगळं आहे. मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. डॉक्टर कधीचा मागे लागलाय. आधी आळसाने टाळलं, आता कुपीसाठी टाळतोय. दगडातली शीर सुटली ती त्यामुळे. जन्मभर लोकांच्या डोळ्यांची सोय केली आणि स्वतःची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

बाहेरचा ओरखडा बोटाला कळतो. आतला कळत नाही, बोटच जात नाही. पोकळी झाली, झिलई सुरू केली, आणि आत काय चाललंय याचा पत्ता लागेना. एका दुपारी कुपी घेऊन खिडकीशी उभा होतो, तर मागून तुझी आई.

"कधीपासून बघतेय, काय घासताय एवढं?"

"एका संस्थेचं काम आहे."

"कसली संस्था?"

"आहे एक."

"खोटं बोलणं तुम्हाला कधीच जमलं नाही. आता तर कुणाकडे तोंड करून बोलावं तेही कळत नाही."

म्हणजे मी पडद्याशी बोलत होतो.

मग सांगितलं सगळं. स्तूप, अस्थी, तू. तुझी पत्रंही वाचून दाखवली, डोळ्यापाशी धरून, अडखळत. तिने ताटं आपटली नाहीत, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. आणि मग एक दिवस मी कामाला बसलो, तर स्टूल ओढून शेजारी बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "द्या इकडे ते भिंग."

दिलं.

"डाव्या बाजूला, तळाशी, वाकडा चरा आहे."

"लांब?"

"तांदळाएवढा. आणि त्याच्या वर धुकं."

आता रोज दुपारी हेच चालतं. मी घासतो, ती बघते. तुझ्याबद्दल चकार शब्द नाही, फक्त ओरखडे. काल मी म्हटलं, पुरे आता, आत कोण बघायला जातंय? तर म्हणाली, "मी बघितलंय ना." आणि पुन्हा घासायला लावलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर : हो. अगदी हलकं होतं.

बाबा


२७ एप्रिल

चिंगी,

हे पत्र तुझ्या बाबांना न सांगता लिहितेय. ते डोळे दाखवायला गेलेत, शेजारचे सोबत आहेत.

कुपी झाली. चांगली झाली. पण कौतुक करायला मी लिहायला बसलेली नाही.

तू लिहिलंस, अस्थी कुणाच्या ते तुम्हाला ठाऊक नाही. ते वाचून दाखवताना तुझे बाबा हसले. मी हसले नाही. तू असंही लिहिलंस की तुला त्या सकाळी नेलं नाही. तर ऐक.

तुझा दादा खांबांवर चढायचा, तारा जोडायचा. मी म्हणायचे, हे काम सोड. तो म्हणायचा, आई, मी सोडलं तर दुसरा कुणीतरी चढणारच ना. सुट्टीच्या दिवशी हाक आली म्हणून गेला, तो जिवंत परतला नाही. अग्नी दिल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं स्मशानात गेलो. तुझे बाबा खाली बसून राख गोळा करत होते, अगदी ते भुकटी गोळा करतात तशी, एक कण सोडायचा नाही. सगळं नदीत सोडायचं ठरलं होतं. मी एक तुकडा मुठीत ठेवला. त्यांनी पाहिला नाही. तेव्हापासून तो माझ्यापाशी आहे, सुयांच्या डबीत. सुई लागली तर मी शेजारणीकडून मागून आणते.

त्या कुपीत जागा आहे. आतून ती मी रोज बघितलीय, मला विचार. एवढासा तुकडा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ज्याचं नाव ना गाव, त्याच्यावर तुम्ही एवढी छत्री धरता. माझ्या मुलाचं नाव मला ठाऊक आहे, आणि त्याला सुयांची डबी? हा कुठला न्याय?

तू गेलीस तेव्हापासून मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागतेय. एवढं कर.

बाबांना कळू देऊ नकोस. मी त्यांच्यापासून काही लपवीन असं त्यांच्या स्वप्नातही नाही.

आई


६ मे

आई,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि दिवसभर ते तसंच जवळ घेऊन फिरले. उघडायचा धीर होईना.

आधी नकार सांगते, म्हणजे तू ताटकळणार नाहीस. ते मला करता येणार नाही. लोक त्या स्तूपापुढे हात जोडतात ते आमच्या शब्दावर. 'कुणाच्या ते ठाऊक नाही' हे आम्ही खरं तेच सांगतो. पण जे ठाऊक आहे ते लपवलं, तर ते खोटं होईल, आणि ते खोटं मीच रोज झाडत-पुसत बसेन. दादाला मी खोट्यात ठेवणार नाही, आई.

तू चिडशील. चीड.

पण दुसरं एक आहे. मोठ्या स्तूपाभोवती, कुंपणालगत, लहान लहान स्तूप आहेत. काही गुडघ्याएवढे, काही टोपलीएवढे. लोकांनी आपापल्या माणसांसाठी बांधलेले. कुणाचे आईबाप, कुणाचे गुरू, कुणाची मुलं. एकावरही नाव उरलेलं नाही. त्यांच्यामधलं गवत मी रोज सकाळी काढते. तिथे जागा आहे आणि तिथे काही लपवावं लागत नाही. तू हो म्हणालीस तर थोरल्या आर्याजींना विचारते.

आणि मी उठून गेले म्हणतेस. तू रोज दादाचं ताट मांडायचीस आणि तसंच उचलायचीस. मला त्या ताटासमोर घास उतरेना. तुला थांब म्हणावं, तर तुझ्याकडे तेवढंच उरलं होतं. मला ते काढून घ्यायचं नव्हतं आणि बघवतही नव्हतं. म्हणून गेले. एवढंच होतं ते. तुझ्यावरचा राग नव्हता.

उत्तराची वाट बघते.

चिंगी


२६ मे

चिंगी,

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे, डावा नावालाच. हे अंदाजपंचे लिहितोय, ओळी एकमेकींच्या खांद्यावर चढल्या असतील तर उतरवून घे.

डॉक्टर प्रवास नको म्हणतो, आणि तुमचे गवंडी वर्षभर थांबायचे नाहीत. म्हणून कुपी घेऊन तुझी आई येतेय. एकटी. मी म्हटलं, कुणातरी माणसाबरोबर पाठवू. तर म्हणाली, "मग मी कोण आहे?"

कुपी तिनेच गुंडाळली. म्हटलं, जायच्या आधी एकदा हातात दे. दिली, पण झाकण आधीच दोऱ्याने करकचून बांधलेलं. "उघडू नका, धूळ जाईल." माझ्याच कुपीचं मला सांगते! कानाशी धरली तर आत काहीतरी किंचित हललं. विचारलं, आत काय? म्हणाली, "कापूस." कापसाचा आवाज होत नाही, चिंगे. पण तिच्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

तुझं पत्र तिला आलं होतं, एवढं मला ठाऊक आहे. काय होतं ते ती सांगत नाही. ते आल्यापासून ताटं आपटायला लागलीत. खरं सांगू, मला जरा बरं वाटलं.

तिला बसमधून हाताला धरून उतरव. भांडू नका.

बाबा


९ जून

बाबा,

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका. पट्टी निघाली की स्वतः वाचा. यातलं सगळं तुम्हाला सांगायची आईची परवानगी आहे.

आई दुपारी पोचली. पिशवी छातीशी धरून उतरली. मी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही. माझ्या डोक्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "केस नसले की कान एवढे मोठे दिसतात होय." भेट झाली ती अशी.

माझ्या खोलीत आल्यावर तिने दार लोटलं, दोरा सोडला, झाकण उघडलं आणि आतल्या कापसातून हाडाचा एक लहानसा तुकडा काढून तळहातावर ठेवला. बाबा, तो दादाचा आहे. त्या सकाळी तुम्ही राख गोळा करत होतात, तेव्हा तिने मुठीत ठेवून घेतलेला. इतकी वर्षं तो तिच्या सुयांच्या डबीत होता. तो या कुपीत ठेवावा असं तिने मला एप्रिलमध्ये लिहिलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं.

मला वाटलं, आता ती पुन्हा तेच मागणार. पण मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तुझा नकार मला कळलाय. वाटेपुरता त्याला यात आणला. बापाने हाताने केलेली वस्तू त्याला एकदा तरी मिळू दे. आता काढला. आता तुमची कुपी तुमची."

मग मला म्हणावंच लागलं, "आई, थोरल्या आर्याजींना सांगायला हवं."

"काय सांगायचं?"

"की यात दादा होता."

"काढला की! कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलं."

ती भडकली. "जन्मापासून अशीच. शेजाऱ्यांची फुलदाणी फोडलीस, तेव्हाही कुणी विचारायच्या आत जाऊन सांगून आलीस."

"हो," म्हटलं. "तशीच."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. थोरल्या आर्याजींना ऐकू येत नाही, त्यामुळे तेच मोठ्याने सांगावं लागलं आणि अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. आई दाराशी उभी. ते दाते नेमके आलेले. म्हणाले, "मग ही कुपी आता चालायची नाही. परक्याचं हाड लागलं तिला." दोघीतिघींनी माना हलवल्या. आईचं तोंड एवढंसं झालं. तुम्ही डोळे पणाला लावून केलेली वस्तू माझ्या एका वाक्याने बाद होणार, हे मला दिसत होतं. तरी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मात्र वाटलं नाही.

थोरल्या आर्याजींनी कुपी मागून घेतली. उजेडाकडे धरून फिरवत राहिल्या. मग आईला जवळ बोलावलं.

"मुलगा काय करायचा?"

"विजेच्या खांबांवर चढायचा. लोकांच्या तारा जोडायचा."

"लहान होता?"

"लग्नाचं बघत होतो आम्ही."

त्यांनी कुपी आईच्या हातात दिली. "धुऊन आण," म्हणाल्या. "तूच धू. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." दात्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली. थोरल्या आर्याजींना त्यांचं काहीच ऐकू आलं नाही. खरंच आलं नाही की कसं, ते मला सांगता येणार नाही.

आईने नळाखाली कुपी धुतली, आतून बाहेरून, तान्ह्या मुलाला अंघोळ घालावी तशी. परवा अस्थी त्यात ठेवल्या. मी ठेवत होते आणि ती शेजारून सांगत होती, "तळाशी बघ, राख कडेला चिकटलीय." कुपी नव्या करंड्यात, करंडा कोठीत, वर फरशी. गवंड्याने चुना फिरवला आणि तुमचं काम दिसेनासं झालं.

मग आम्ही कुंपणाजवळ गेलो. थोरल्या आर्याजींनी जागा दाखवली होती. उरलेल्या विटा गवंड्यांनी आणून टाकल्या. गुडघे दुखत असताना आई जमिनीवर बसली आणि चुना स्वतः कालवला. गुडघ्याएवढा स्तूप, मधे ओंजळीएवढी जागा. तुकडा ठेवायची वेळ आली आणि तिची मूठ उघडेना. कुणी घाई केली नाही. गवंडीसुद्धा थापी खाली ठेवून उभा राहिला. शेवटी ती म्हणाली, "तू ठेव. तुला तेव्हा नेलं नव्हतं."

मी ठेवला, बाबा.

आई आणखी काही दिवस राहील. भाजी निवडायला थोरल्या आर्याजींशेजारी बसते. दोघी तासन्‌तास बोलतात. एकीला ऐकू येत नाही आणि दुसरी ऐकून घेत नाही, त्यामुळे छान जमलंय.

चिंगी


२५ जून

चिंगी,

पट्टी निघाली. तुझं पत्र स्वतः वाचलं. ठेवलं, आणि पुन्हा काढून वाचलं.

आधी मला राग आला. ती राख मी माझ्या हाताने गोळा केली होती. आणि इतकी वर्षं माझं पोर कपाटातल्या त्या डबीत, मी त्याच कपाटापुढे उभा राहून शर्टाचं बटण लावून मागायचो आणि ती शेजारी सुई आणायला जायची. मला वाटायचं, हिचा विसरभोळेपणा वाढला. एकदा मला दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काय काढून घेतलं असतं? ती परत आली की हे सगळं बोलायचं, असं ठरवून बसलो होतो. शब्द जुळवून ठेवले होते.

दार उघडलं. नव्या डोळ्याने तिला पाहिलं. चिंगे, ती म्हातारी झालीय. मला कुणी सांगितलंच नव्हतं. जुळवलेले शब्द कुठे गेले कोण जाणे. ती म्हणाली, "असं काय बघताय?" मी पिशवी घेतली तिच्या हातातून.

जेवण झाल्यावर म्हटलं, "ती कुपी मी नीट पाहिलीच नाही. घासली मी, पाहिली तू. कशी झाली होती ते सांग."

तिला चेष्टा वाटली. मग सांगू लागली. खिडकीशी धरली की उजेड आधी झाकणाच्या कडेला कसा यायचा, तिथून तळाशी कसा उतरायचा, भिंत कुठे किंचित जाड राहिली होती. हो, राहिली होती, मला बोटांना तेव्हाच शंका आली होती. मग बसमध्ये ती मांडीवर धरून कशी बसली ते सांगितलं. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे यात? तर ही म्हणाली, माझा मुलगा आहे. ती बाई घाबरून उठून दुसरीकडे जाऊन बसली. हे सांगताना तुझी आई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग कुपी राहिली बाजूला आणि ती त्याच्याबद्दलच बोलायला लागली. त्याचे तळवे कसे घट्टे पडून खरबरीत झाले होते. जिना चढताना शिट्टी कशी वाजवायचा आणि ती सुरात कधीच नसायची.

तो गेल्यापासून या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तुझा दादा, आपला मुलगा, तो, असंच चालायचं. मीही तसंच, तीही तसंच. काल तिने नाव घेतलं. अगदी सहज, त्याला जेवायला हाक मारावी तसं. मग मी घेतलं. पहिल्यांदा घशातच राहिलं. ती थांबली माझ्यासाठी. दुसऱ्यांदा आलं.

बाबा